लिंब या शब्दाविषयी खुलासा

मौजे आमळगव्हाण, तालुका यावल,
जिल्हा पूर्व खानदेश
दिनांक १८ जून १९५६

मी, चुडामण गिरधर फिरके, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मराठी इयत्ता चौथी पास, धंदा शेती, केळीचा बागाईतदार, गावच्या देवस्थानाचा व जातीचा पंच, स्वहस्ते लिहितो की, तुझे कार्ड पोहोचले.

कार्डावरील अक्षर तुझे नाही हे उघड आहे, कारण तुला अक्षर येत नाही. ते तेथील शाळेचे दामले गुरुजी यांचे आहे असे खाली लिहिले आहे. अक्षर सुवाच्य आहे. हे पत्रही तेच तुला वाचून दाखवितील असे धरून मी लिहीत आहे. गुरुजींस विनंती की, वाचताना शब्द गाळू नयेत व पदरचे घालू नयेत.

आठ वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला मजकूर. त्यात माझ्या प्रकृतीची चौकशी नाही. ती नसणे योग्यच आहे, कारण तुझी चौकशी मीही केलेली नव्हती. सन १९४८ साली तू धनसिंग नामक परजातीच्या इसमाशी लग्न करून शिरपूरकडच्या डोंगरात राहावयास गेलीस. त्या वेळी मी जे बोललो ते चारचौघांत बोललो. त्याविषयी या पत्रात काही लिहिणार नाही. तुझी आई वारली तेव्हा तुला कळविण्यात आले नाही. त्याविषयीही लिहिणार नाही.

विषय ज्वारीचा आहे, तो लिहितो.

तुझ्या कार्डाचा आशय मला समजला तो असा. तुमच्या वस्तीतील घरांनी रब्बीच्या पेरणीची दादर ज्वारी एकत्र करून तुझ्या घरच्या कणगीत ठेवली आहे. ती तुझ्याकडेच ठेवण्याचे कारण असे की, "माझ्या आईच्या कणगीत जन्मात सोंडे पडले नाहीत" असे तू सर्वांसमक्ष सांगितले होतेस. आता पावसाळा लागला आणि कणगीत सोंडे, म्हणजे दाणा पोखरणारे किडे, दिसू लागले. सरकारातून पांढरी पावडर मिळते, परंतु अडल्यानडल्यास तीच ज्वारी खावी लागते म्हणून तुझी सासू ती घालू देत नाही. पेरणीपर्यंत बी टिकले नाही तर वस्तीच्या जमिनी पडून राहतील आणि तुला त्या लोकांत मान वर करून वावरता येणार नाही. सबब आई पोत्यांना व कणगीला काय लावीत असे, ते आबांनी लिहावे.

बढाई मारणे वाईट. परंतु तू मारलेली बढाई खरी होती, हे मी येथे नमूद करतो.

तुझी आई लिंबाचा रस काढीत असे. त्यात रिकामी पोती भिजवून, सावलीत वाळवून, मग त्यांत धान्य भरीत असे. कणगीसही आतून तोच रस लावीत असे. हे मी अनेक वर्षे प्रत्यक्ष पाहिले आहे. येणेप्रमाणे करावे.

कळावे.
चुडामण गिरधर फिरके


मौजे आमळगव्हाण
दिनांक १४ जुलै १९५६

चि. लता हीस,

तुझे दुसरे कार्ड पोहोचले.

तू लिहविले आहेस की, आबांच्या आज्ञेप्रमाणे धनसिंग याने शिरपूरच्या बाजारातून टोपलीभर लिंबे आणली. ती पिळून तू पोती भिजविलीस. तुझ्या बोटांची कातडी सोलून निघाली. पोत्यांना मुंग्या लागल्या. तुमच्या घरच्या वाटणीची ज्वारी तू त्या पोत्यांत भरलीस आणि तिला बुरशी आली. वस्तीच्या कणगीला तू अजून हात लावलेला नाहीस. आता सासू विचारते की, तुझे वडील पुढे काय म्हणतात.

मी म्हणतो ते असे. मी लिहिलेला शब्द शुद्ध आहे. यावलच्या शाळेत आम्हांस "लिंब" असाच शिकविला गेला. गावंढळ लोक त्या झाडास निम म्हणतात. तू आणि तुझी आई निम म्हणत होतात आणि मी दर वेळी दुरुस्त करीत होतो. दामले गुरुजी रत्नागिरीकडचे असल्यामुळे लिंब वाचताच त्यांना लिंबू दिसले. त्यांच्या मुलखात ते बरोबरच असेल. शब्द एक आणि झाडे दोन, असा हा प्रकार झाला. मला कडू पाल्याचे झाड अभिप्रेत होते.

हे कार्ड मी शेजारच्या तानुबाईस वाचून दाखविले. तुझी आई भागाबाई हिचे आणि तिचे सख्य तुला ठाऊक आहे. तिची जीभ वयाबरोबर अधिकच चालू लागली आहे. ती म्हणाली, "आबा, तुम्ही पोरीले ज्वारीचं लोणचं घालाले सांगितलं का?"

मी तिला शब्दाचा खुलासा केला.

"तुमचं शुद्ध तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली. "अन् रस कशाचा? निमाचा पाला म्हंजे काय ऊस हाये, रस काढाले? भागाबाई काढा करे. काढा."

मी म्हणालो, "मी प्रत्यक्ष पाहिले आहे."

"काय पाहिलं? तुम्ही पोतं उचलाले यायचे. पोतं पाठीवर घेतलं का चालले. आम्ही दोघी हसत राहायचो मागं."

त्या का हसत असत हे मी विचारले नाही. तानुबाई पुढे म्हणाली, "अन् लताले ठाऊक नाही? मायच्या हाताखाली चूल तिनंच फुंकली. डोये लाल करून बसे पोरगी."

"मग तिने मला का विचारले?"

"तुम्ही लिहावं म्हनून. दुसरं काय लिहिलं असतं तिनं तुमाले?"

सबब मी तुलाच विचारतो. काढा निमाचा असतो हे तुला ठाऊक होते काय? असल्यास तू लिंबू का लावलेस? कार्डाने स्पष्ट उत्तर द्यावे.

आता आणखी एक गोष्ट लिहितो. ती लिहिण्याचा माझा विचार नव्हता.

उघडीप होती. तानुबाईने आपल्या घरचे एक जुने पोते ओढत आणले आणि म्हणाली, "कान लावा." पोत्याला कान लावणे मला शोभणारे नव्हते, परंतु आजूबाजूस कोणी नव्हते. मी कान लावला. आतून आवाज येत होता. कपाशीची वाळलेली बोंडे मुठीत धरल्यावर करकरतात तसा, परंतु त्याहून पुष्कळ बारीक, आणि न थांबणारा. मी अवघे आयुष्य धान्याच्या पोत्यांत काढले. त्यावर बसलो, निजलो, त्यांचे सौदे केले. पोते आतून खाल्ले जात असता त्याचा आवाज येतो, हे मला ठाऊक नव्हते.

मग तिने ती ज्वारी अंगणात उन्हात पसरली. एका बाजूस साधे गोणपाट उभे करून सावली केली. दुसऱ्या बाजूस आपल्या काढ्यात भिजवून वाळविलेले गोणपाट तसेच उभे केले. ऊन लागताच सोंडे दाण्यांतून बाहेर पडले. काळसर, राईएवढे, पुढे सोंड. साध्या गोणपाटाच्या सावलीत ते शिरले आणि चढूनही गेले. दुसऱ्याकडे जे गेले ते काठाशी थांबले. एक मी डोळ्यांनी धरून ठेवला. त्याने सोंड गोणपाटाला टेकविली. थांबला. पुन्हा टेकविली. मग ज्या उन्हातून जीव वाचवीत आला होता त्याच उन्हात माघारी फिरला.

मी उकिडवा बसलो होतो. पायांस मुंग्या आल्या तरी उठलो नाही. तापीचा महापूर मी पाहिला आहे. आगगाडी प्रथम आली तीही पाहिली आहे. परंतु दारातल्या झाडाची पाने, जी शेळ्याही नाइलाजाने खातात, त्यांच्या नुसत्या पाण्याने एवढ्या सैन्यास हद्द आखून द्यावी, आणि ती हद्द त्या मुक्या जीवास वाचता यावी, हे मी प्रथमच पाहिले.

मी तानुबाईस विचारले, "विष आहे काय?"

"विष असतं तर आपन मेलो नसतो? निम मारत नाही आबा. भूक घेऊन जाते. दाना पुढं पडला राहते, अन् याले खावंसं वाटत नाही."

तुझ्या उत्तराची वाट पाहत आहे. तोवर वस्तीच्या कणगीला काहीही लावू नये.

चुडामण गिरधर फिरके


मौजे आमळगव्हाण
दिनांक ६ ऑगस्ट १९५६

चि. लता हीस,

उत्तर मिळाले. गुरुजींनी तुझे शब्द जसेच्या तसे उतरविले आहेत असे दिसते, कारण त्यांत व्याकरण नाही. ते मी येथे पुन्हा उतरवून काढतो, म्हणजे माझ्या समजुतीत चूक राहणार नाही.

"आबांचं पत्र सासूसमोर, वस्तीसमोर वाचलं. मला निम ठाऊक होता. पण सगळ्यांनी ऐकलं का माझ्या बापानं लिंबू सांगितलं. आठ वर्षांनी बापाचं पत्र आलं, अन् तेच खोटं, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? वस्तीचं बी मी धोक्यात घातलं नाही. आमच्या घरचं घातलं."

गुरुजींस विनंती की, पुढील परिच्छेद मनात वाचावा, मोठ्याने वाचू नये.

गुरुजी, मी जातीचा पंच आहे. माझा शब्द लोकांनी माझ्यासमोर झेलला, तो मी समोर होतो म्हणून. माझ्या पाठीमागे, परक्या मुलखात, चुकीचा आहे हे ठाऊक असता माझा शब्द कोणी डोक्यावर घ्यावा आणि त्यासाठी स्वतःच्या घरातील धान्य कुजू द्यावे, असे माझ्या पाहण्यात नाही. या मुलीचे नाव माझ्या घरात आठ वर्षे उच्चारले गेलेले नाही. आपण परके गृहस्थ असून तिला रोज पाहता. ती कशी दिसते, हे आपण स्वतःहून मला लिहिल्यास माझी हरकत नाही.

येथून मोठ्याने वाचावे.

या पत्रात मी "निम" असे लिहीत आहे. तो शब्द अशुद्ध आहे. गुरुजींनी तो दुरुस्त करू नये. वस्तीतील सर्वांस बोलावून पुढील कृती ऐकवावी. लता हीस ती ठाऊक आहे, परंतु आता ती माझी म्हणून ऐकवावी, म्हणजे मागील पत्राची भरपाई होईल.

निमाचा पाला डहाळीवरून ओरबाडून मोठ्या हंड्यात दाबून भरावा. वर पाणी येईल इतके घालावे. पाणी अर्धे आटेपर्यंत उकळावे. या वर्षीच्या निंबोळ्या वाळल्या असतील तर त्या कुटून फडक्यात बांधून त्यात सोडाव्यात. रात्रभर झाकून ठेवून सकाळी गाळावे. रिकामी पोती त्यात बुडवून सावलीतच वाळवावीत. उन्हात वाळविल्यास गुण जातो, असे तानुबाई म्हणते. कणगी रिकामी करून झाडावी आणि शेण व माती त्याच काढ्यात कालवून आतून सारवावी. धान्य मात्र काढ्यात भिजवू नये. कडक ऊन पडेल त्या दिवशी ते पातळ पसरावे, सोंडे पळून गेले की पाखडावे, निववावे, आणि मगच भरावे. भरताना मधूनमधून वाळलेला पाला घालावा. तोंड लिंपून टाकावे आणि पेरणीपर्यंत कोणीही डोकावून पाहू नये.

ही कृती मी ऐकून लिहिलेली नाही. हंडा मी स्वतः चढविला. तानुबाई ओट्यावर बसून होती आणि तेथूनच हुकूम सोडीत होती. "हलवा, हलवा. पंचायतीत बसल्यासारखे काय बसले?" वाफ डोळ्यांत जाऊन पाणी आले. काढा जिभेस लावून पाहिला. त्याची चव त्या दिवशी जेवताना होती आणि दुसऱ्या दिवशी भाकरी खातानाही होती. तुझ्या आईने हे दर वर्षी केले आणि मला तिने केलेल्या भाकरीत तो कडवटपणा कधी लागला नाही. इतके कडू इतक्या जवळ ठेवून दाणा गोड कसा राखता येतो, याचा मी अद्याप विचार करीत आहे.

भिजवून वाळविलेली काही पोती आणि निंबोळ्यांचे गाठोडे शिरपूरच्या गाडीने पाठविले आहे. पोत्यांची शिवण मी केली आहे. ती वेडीवाकडी असल्यास पुन्हा घालावी.

चुडामण गिरधर फिरके


मौजे आमळगव्हाण
दिनांक २४ सप्टेंबर १९५६

चि. लता हीस,

तुझ्या घरून मी काल परतलो. तू तेथे हजर होतीस, तेव्हा जे घडले ते तुलाच पुन्हा लिहिण्याचे कारण काय, असे गुरुजींस वाटेल. कारण असे की, मी तेथे फार थोडे बोललो. जे बोललो नाही ते कागदावर असावे.

शिरपूरच्या बसस्थानकावर धनसिंग बैलगाडी घेऊन आले होते. मी त्यांना सांगितले की, मी फक्त कणगी पाहण्यास आलो आहे. ते म्हणाले, "ते ठाऊक शे, आबा. बसा." वाटेत ते बैलांशीच बोलले. मला ते बरे वाटले.

तुझ्या दारात वस्ती जमली होती, गुरुजीही होते. तू उंबऱ्याशी उभी होतीस. गुरुजींनी मागे मला लिहिले होते की तुझे केस पिकू लागले आहेत. म्हणून ते पाहून मी दचकलो नाही. तुझी सासू केसरबाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "आबा, वाटमा निमना पाला खाईसन उनात का? तोंड असं कडू का बरं?" म्हणजे, वाटेत निमाचा पाला खाऊन आलात का. लोक हसले. मी हसलो नाही, परंतु मला राग आला नाही.

कणगीच्या तोंडावरचे लिंपण तू खुरप्याने फोडलेस. ते पडू लागताच ज्यांची ज्वारी आत होती ती माणसे पुढे झुकली. लोटन म्हणून जे गृहस्थ माझ्याजवळ उभे होते, त्यांच्या श्वासाचा आवाज मला येत होता. तू कोपरापर्यंत हात घातलास आणि मूठ सुपात सोडलीस. वरच्या थरात काही दाणे पोकळ निघाले. ते निमापूर्वीचे होते. दुसरी मूठ तू खांद्यापर्यंत हात घालून काढलीस. ती मी तळहातावर घेतली. दाणे भरीव, मोत्याच्या रंगाचे. एकालाही भोक नव्हते. चालणारे त्यांत काही नव्हते.

मग मी कणगीला कान लावला. वस्तीने ते पाहिले. माझी त्यास हरकत नव्हती. आत काहीही ऐकू येत नव्हते. एवढी ज्वारी, अवघा पावसाळा, आणि आत इतकी शांतता. देवळाच्या गाभाऱ्यात मी पुष्कळ वेळा उभा राहिलो आहे. डोळे मिटून उभा राहिलो तरी गावातील भांडणेच आठवत. येथे काही आठवले नाही.

परंतु किडे नाहीत एवढ्याने बी जिवंत आहे असे होत नाही. वस्तीतील सर्वांस ते ठाऊक होते, म्हणून अजून कोणी बोलत नव्हते. तू चुलीमागून ओल्या फडक्याची पुरचुंडी आणलीस. वरून मूठ जाईल एवढे छिद्र पाडून आधीच दाणे काढून ते तू भिजत घातले होतेस आणि छिद्र पुन्हा लिंपले होतेस. कोणीही डोकावू नये, असे मी लिहिले होते. या एका ठिकाणी तू माझी आज्ञा मोडलीस, ते चांगले केलेस.

पुरचुंडी तू मला उघडावयास दिलीस. गाठ ओलीने आवळली होती, मला सुटेना. धनसिंग यांनी ती सोडविली. आत दाण्यादाण्याला पांढरा मोड होता. ते एकमेकांत गुंतले होते आणि फडक्याला धरून बसले होते. वेगळे करू गेलो तर सुटेनात. धनसिंग हलकेच म्हणाले, "बठ्ठं उगनं, आबा." अवघे उगवले होते. मग लोक बोलू लागले, आणि ते इतके एकदम बोलू लागले की कोण काय म्हणाले ते मला सांगता येणार नाही. केसरबाईने मात्र तुझ्या पदरावरची माती झटकली.

पानांना हे कोणी सांगितले असेल? आणि ते हा काढा करणाऱ्या पहिल्या बाईला कोणत्या पानाने? मी एकाहत्तर वर्षांचा आहे. ज्या निमाखाली बसून मी लोकांचे निवाडे केले, त्या झाडाकडे मी मान वर करून पाहिले नव्हते. आज सकाळी ओट्यावर बसून पाहिले. तानुबाई म्हणाली, "काय, पाखरं मोजता का आबा?" मी हो म्हणालो.

आता मुख्य मजकूर. गुरुजींनी तो सावकाश वाचावा.

ज्वारी घरोघर वाटून झाल्यावर सुपात जी उरली ती तू जात्यावर घातलीस. केसरबाईने मला विचारले, "तुम्ही आमना घरनं पानी पेतस नही, हाई माले ठाऊक शे. मंग भाकर कोठे वाढू?" सर्व जण माझ्या तोंडाकडे पाहू लागले. तू चुलीकडे तोंड करून बसली होतीस. तुझी पाठ हलत नव्हती.

मी पागोटे काढून बाजूस ठेवले आणि चुलीसमोर बसलो. तू भाकरी वाढलीस. नंतर बऱ्याच वेळाने, वर न पाहता, विचारलेस, "आबा, कडू लागते का?"

मी "नाही" एवढेच म्हणालो. घास तोंडात होता.

हा कागद मी येथील जातीच्या पंचांपुढे, स्वतः पंच असता, ठेवणार आहे. कोणी कुजबुजण्यापूर्वी तो सर्वांनी माझ्याच तोंडून ऐकावा. सबब लिहून देतो की, मी, चुडामण गिरधर फिरके, धनसिंग मोतीलाल यांच्या घरी त्यांच्या घरच्या कणगीतील दादरची भाकरी खाल्ली, मागून घेऊन पुन्हा खाल्ली, आणि त्या घरचे पाणी प्यालो. हे मी कोणाच्या आग्रहाने केले नाही. खाली लिहिलेल्यांच्या सह्या व अंगठे घेऊन गुरुजींनी कागद मजकडे परत पाठवावा.

त्या वेळी हजर असलेले साक्षीदार:

दामले गुरुजी, शिक्षक.
लोटन, वस्तीतील शेतकरी.
केसरबाई, माझी विहीण.
धनसिंग मोतीलाल, माझे जावई.
भाकरी करणारी व वाढणारी, लता, माझी मुलगी.